काळ्या कागदाची कड

घेरदार झग्यातली बाई, तिचं चुंबन घ्यायला झुकलेला तरुण, वर झाड आणि चंद्र. कॅरा वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीने १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये मांडलेलं ‘गॉन’ दुरून असं गोड दिसतं. रुंदी सुमारे ५० फूट, आणि सगळं काळा कागद कातरून पांढऱ्या भिंतीवर चिकटवलेलं. जवळ गेलं की झग्याखाली आणखी दोन पाय दिसतात. तरुणाच्या तलवारीचं टोक मागच्या उघड्या पोराला टोचेल इतकं जवळ आहे. पुढे सरकत जावं तशी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीची, तिथल्या लैंगिक अत्याचारांची गोष्ट उलगडते.

अशा चित्रात नजर कडेवर ठेवावी. आत सगळा काळोखच. चेहऱ्यावर भाव नाहीत, त्वचेला वेगळा रंग नाही. मालक आणि गुलाम एकाच कागदाचे. तरीही पाहणारा क्षणात ठरवतो, हा गोरा, ती काळी. कशावरून? ओठांची ठेवण, केसांची वळणं, अंगावरचे कपडे. हिणकस व्यंगचित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या पसरवलेले ठोकताळे तो सोबत घेऊनच आलेला असतो. वॉकर फक्त कड कातरते, आतलं तो भरतो. एकेकाळी घराघरांत छायाचित्राऐवजी लावल्या जाणाऱ्या, कागद कातरून केलेल्या व्यक्तिचित्रांच्या या सभ्य कलेतून तिने हे साधलं, ही विलक्षण गोष्ट आहे.

१९९७ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि त्याच वर्षी ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावती बेटी सार यांनी तिच्या चित्रांविरुद्ध पत्रं पाठवायला सुरुवात केली. अपमानाची ही चित्रं गोऱ्या प्रेक्षकांची करमणूक ठरतात, असा त्यांचा आक्षेप. तो झटकून टाकण्यासारखा नाही. सार यांनी स्वतः १९७२ च्या एका कलाकृतीत पॅनकेकच्या जाहिरातीतल्या हसऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या हाती बंदूक दिली होती. त्यांची बाई लढते. वॉकरच्या चित्रांत कुणालाच सहज विजय मिळत नाही, आणि म्हणूनच ती जास्त बोचतात.

२००१ च्या ‘डार्कीटाउन रिबेलियन’ या कलाकृतीत वॉकरने प्रोजेक्टरचा रंगीत प्रकाश भिंतीवर सोडला. पाहायला येणाऱ्यांच्या सावल्या कातरलेल्या आकृत्यांमध्ये मिसळू लागल्या.

मग २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या बंद पडलेल्या डॉमिनो साखर कारखान्यात तिने भलीमोठी स्फिंक्स उभारली. डोक्याला मोलकरणीचा रुमाल, अंग विवस्त्र, वर पांढऱ्या साखरेचा थर. उंची सुमारे ३५ फूट. भोवती साखरेची आणि मळीची मुलं उन्हाळ्याच्या उष्म्यात वितळत होती. गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर आता त्यांच्याच देहाच्या रूपात समोर होती. काही प्रेक्षकांनी मात्र त्या मूर्तीच्या अंगाजवळ अश्लील हावभाव करून फोटो काढले, ते इंटरनेटवर टाकले. त्यावर संताप उसळला. दरम्यान वॉकरने प्रेक्षकांचंच चित्रीकरण करून घेतलं होतं, आणि पुढे त्यातून ‘अ‍ॅन ऑडियन्स’ ही चित्रफीत प्रदर्शित केली.