क्षयरोग्याचे ताट
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



क्षय हा शब्द आपल्या घरांतून अजूनही हलक्या आवाजात उच्चारला जातो. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, म्हणून रोग लपविला जातो. आणि मग रोग्याचे जेवणही कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यात होते. हा रोग खोकल्यावाटे, हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे.

एके काळी दूध, अंडी आणि थंड हवा हाच यावरील इलाज मानीत. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने ती समजूत मोडली. आरोग्यधामात सकस आहार मिळालेले रोगी आणि गरीब वस्तीत घरीच औषध घेणारे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. रोग औषधानेच हटतो, हे ठरले. परंतु त्यावरून ‘मग खाण्याचे एवढे काय’ असा जो अर्थ पुष्कळांनी काढला, तो मला पटत नाही. जंतू मेले, तरी उठून कामावर जाण्याची शक्ती कोठून यावी?

२०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये २८०० रोग्यांना औषधाबरोबर तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल असा शिधा दरमहा देण्यात आला. आरंभी पुरुषांचे सरासरी वजन ४३ किलोंच्याही आत होते. कामधंदा करू शकणारे शेकडा अवघे ३ होते. उपचार संपताना ते शेकडा ७५ च्या घरात गेले! ज्या घरांतील इतर माणसांनाही शिधा मिळाला, तेथे केवळ रोग्यालाच शिधा मिळालेल्या घरांच्या मानाने नवा क्षय शेकडा ३९ ते ४८ नी कमी आढळला. घरातील सून सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवते, तिचा विचार येथे व्हावा.

प्रेमापोटी लाडू-शिरा भरविणाऱ्या माउलींना एवढेच सांगतो, की डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांचे मोल अधिक आहे. शिवाय मधुमेह जोडीला असेल तर गोड घातकच. औषधाने मळमळते, तेव्हा थोडे थोडे, पण वारंवार द्यावे.

सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० झाली आहे. कुटुंबाला ती पुरत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या साहाय्यक निधीतून अशा घरांना सहा महिने धान्य व डाळ द्यावी, आणि अर्जदाराचे नाव दोघा विश्वस्तांपलीकडे कोणासही कळू नये.