क्लचच्या नळीतली हवा

पहाटे कांद्याची पिकअप भरून लासलगावच्या बाजाराला निघावे, आणि मागचा गिअर टाकतानाच करकर आवाज यावा, हा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांना असेल. दोनतीनदा पेडल मारले की गिअर पडतो. मग आपण गाडी तशीच दामटतो. मीही तेच केले. पेडल पार खाली दाबलेले, तरी गाडी मागे सरकली. मागे पुतण्या "येऊ द्या काका, येऊ द्या" म्हणत उभा! ब्रेक लागला म्हणून निभावले.

दोष हवेचा होता. अशा गाडीत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तार नसते, तेल असते. पेडलने मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या ढकलला की तेल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलेंडरात जाते आणि तिथला दट्ट्या क्लच सोडवतो. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणजे पायाचा जोर बुडबुड्यातच जिरतो. गुरुजींनी इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या नळीने जोडून, एकदा नुसते पाणी भरून आणि एकदा मध्ये हवा ठेवून, मुलांना दाखवावे. पास्कलचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा ते बरे.

आता हवा काढायची कशी? माणसे दोन हवीत. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ब्रेक ऑइल, सीलबंद बाटलीतले, भरा. इंजिन ऑइल चुकूनही नको. रबरी सील फुगतात. स्लेव्ह सिलेंडरच्या निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचे दुसरे टोक थोड्या तेलात बुडवा. वरच्याने पेडल सावकाश चारपाच वेळा मारून दाबून धरायचे. खालच्याने निपल अर्धा आटा सैल करायचा. बुडबुडे निघतील. निपल आवळून "सोड" म्हटल्यावरच पाय उचलायचा. इथेच लोक चुकतात! पाय आधी उचलला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा, आणि मधून मधून डबी भरत राहा. ती रिकामी झाली की सारी मेहनत फुकट.

मग मोकळ्या जागी, ब्रेक दाबून, मागचा गिअर टाकून पाहा. आवाज नाही ना? पण चार दिवसांत पेडल पुन्हा मऊ झाले, तर सील गळते आहे असे समजा आणि मिस्त्रीकडे जा. सांडलेले तेल मात्र लगेच पाण्याने धुवा. ते रंग खाते.