सोन्याचे कण आणि कॅन्सरची गाठ



जळगावच्या सराफ बाजारातून आपण सारेच जातो. पण आज मी ज्या सोन्याविषयी बोलणार आहे ते तोळ्यावर विकत नाहीत. केसाच्या जाडीत त्याचे दोन-तीन हजार कण शेजारी-शेजारी मावतील. पाण्यात ते पिवळे नव्हे, लाल दिसते!

विषय निवडण्यास कारण घडले. धुळ्याच्या एका पालकांनी विचारले, "सर, सोन्याने कॅन्सर बरा होतो असे वाचले. भस्म आणू का?" पत्नीच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांना दाखविली नव्हती.

त्यांनी वाचले ते असे. गाठ घाईने वाढते. तिच्या रक्तवाहिन्याही घाईने बांधलेल्या, फटी राहिलेल्या. कच्च्या पाटातून पाणी झिरपावे तसे कण तेथे बाहेर पडतात आणि चिबड शेतातल्या पाण्यासारखे, निचरा नसल्याने, साचून राहतात. मोठ्या रेणूंबाबत हे जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली मांडले.

मग लेप कशाला? उघड्या कणांवर रक्तातली प्रथिने चिकटतात आणि यकृत व प्लीहा त्यांना गिळून टाकतात. म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लेप देतात. कण रक्तात अधिक वेळ फिरतो. औषधही त्याच्याच अंगावर बसवितात. आपल्याकडे पवईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियलचे खारघर येथील केंद्र यांनी चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांवर सोने चढवून, ते प्रकाशाने तापवून गाठ जाळण्याचे उंदरांवरील प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध केले.

आता हिशेब ऐका. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले नाना प्रकारच्या कणांचे प्रयोग तपासले. मधला आकडा निघाला हजारात सात! बाकीचे गाठीपर्यंत पोहोचलेच नाहीत. २०२० साली त्यांनीच उंदरांत दाखविले की, फटींतून थोडेच कण जातात. बहुतेकांना रक्तवाहिनीच्या पेशीच आत घेतात. म्हणजे माझा पाटाचा दाखलाही अर्धाच खरा.

मी त्या पालकांना सांगितले, भस्म पोटात जाते, हे कण सुईने रक्तात सोडतात. दोन्ही एक नव्हेत. शिवाय हे अजून प्रयोगातच आहे, आणि गाठ थांबत नाही. सोमवारी दोघे दवाखान्यात गेले. तपासणी होऊन ऑपरेशनची तारीख मिळाली.

त्यांची मुलगी आमच्याकडे नववीत आहे. तिने विचारले, "सर, यकृतात अडकलेले सोने पुढे कुठे जाते?" बरेचसे महिनोन्महिने तेथेच राहते, बेटा.