काटकसर कुणाच्या जिवावर?

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं, की घराघरांतला हिशेब न विचारता कळतो. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी समोर येते आणि तिच्यातलं काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं हे तिथेच उभ्या उभ्या ठरतं. कडेवर मूल घेऊन आलेली आई म्हणते, "ताई, बाळाचं सगळं द्या. ते जाहिरातीतलं टॉनिकही द्या. माझ्या लोहाच्या गोळ्या तेवढ्या राहू द्या, पुढच्या महिन्यात नेईन." पुढच्या महिन्यात शाळेची फी असते, सिलिंडर असतो, कुणाचं तरी डोहाळजेवण असतं. गोळ्या राहतात त्या राहतातच.

मी फार्मासिस्ट आहे आणि दोन मुलांची आईही आहे. दोन्ही बाजूंनी बघून माझं एक मत झालं आहे. औषधपाण्यावर आपण जिथे गरज नाही तिथे सढळ हाताने खर्च करतो आणि जिथे गरज आहे तिथे हात आखडता घेतो. खर्चाची जागा बदलली, तर घरचं बजेट न वाढवता घरची तब्येत सुधारू शकते.

आधी नको असलेला खर्च बघू. त्यात पहिला मान सर्दी-खोकल्याचा. जूनमध्ये शाळा उघडल्या, की मुलांची नाकं वाहू लागतात आणि सिरपच्या बाटल्या खपू लागतात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. विषाणूंवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. खोकल्याच्या सिरपचा लहान मुलांना फायदा यथातथाच आणि अपायाची भीती मात्र खरी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलं दगावली, ते आपण ऐकलंच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत.

मग करायचं काय? नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते नाकात घालावेत. ते स्वस्त असतात आणि निर्धोकही. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालू ठेवावं, मोठ्याला कोमट पेज किंवा वरणाचं पाणी द्यावं. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नये, मग आजीने कितीही कौतुकाने आणलेला असो. त्याने क्वचित, पण जिवावर बेतणारी विषबाधा होते. कापराची पोटलीही तान्ह्या बाळाच्या जवळ नको. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आता एक तपासणी सांगते. तिला घड्याळाच्या सेकंदकाट्याखेरीज काही लागत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा आणि पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल काही पीत नसेल, झटका आला असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर रात्र असली तरी निघा. अशा वेळी पैशाकडे बघायचं नसतं. बाटल्यांवरचे पैसे वाचवायचे ते याच वेळेसाठी.

तापाच्या औषधात घोटाळा होतो तो वेगळाच. लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीत येतं. एका बाटलीत पाच मिलीला १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसरीत २५०. बाटल्या दिसायला सारख्याच, चवही तीच. औषधाची मात्रा ठरते ती मुलाच्या वजनावर, साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतलं सहा मिली लागेल, तर दुसरीतलं तीनच मिली. मागच्या वेळी एक टोपण दिलं होतं म्हणून आताही एक टोपण, असं चालत नाही. लेबल वाचा, बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्या, घरातला चमचा नको. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका.

जुलाबाचं तर औषधच स्वस्तातलं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याचं आजचं रूप म्हणजे ओआरएसची पुडी. मोठी पुडी एक लिटर पाण्यात सगळीच्या सगळी विरघळवायची आणि चोवीस तासांत संपवायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं केलं की प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सोबत डॉक्टर झिंकच्या गोळ्या लिहून देतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या. फळांच्या चवीच्या गोड पेयांच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहून ती विकली जात होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली. तेव्हा पुडीच मागा आणि ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं पाकिटावर वाचून घ्या.

औषध विकत घेतानाही पैसे वाचतात. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी ब्रँडपेक्षा निम्म्याने, कधी त्याहूनही स्वस्त मिळते. बीपी, शुगर, थायरॉइड अशा रोजच्या गोळ्यांमध्ये हा फरक दर महिन्याला जाणवतो. जाताना चिठ्ठी न्या, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. पट्टी कापून चार गोळ्या मागितल्या, तर मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा. ज्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असते, ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि थोरल्याचं उरलेलं अँटिबायोटिक धाकट्याला तर मुळीच देऊ नका. पाणी घालून तयार केलेलं ते सिरप आठवडाभरच टिकतं, त्यानंतर त्याचा भरवसा नाही.

दुधात घालायच्या पावडरींबद्दल थोडंच सांगते. डब्याच्या मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर दिसली, तर आपण चॉकलेटच्या वासाची साखर घेतोय हे समजावं. तेवढ्या पैशांत नाचणी, शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि अंडी महिनाभर येतात.

एवढं सगळं वाचलं, तर ते कुठे लावायचं? माझं उत्तर आहे, आईवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या आकड्यांनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. जिना चढताना धाप लागते, दुपारी गळून जायला होतं, मुलांवर उगाच ओरडायला होतं आणि आपण म्हणतो, कामाचा ताण आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो नुसता ताण नव्हे.

आपल्या घरातलं दुपारचं जेवण आठवून बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई बसते, तेव्हा पालेभाजी संपलेली असते, उसळीचा रस्सा तेवढा उरलेला असतो. मग ती पोळी चहाशी खाते. चहा जेवणातलं लोह शरीराला घेऊ देत नाही. आधीच कमी, त्यात चहाने अडवलेलं. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि भाजीवर, उसळीवर लिंबू पिळावं. लिंबाने लोह नीट शोषलं जातं. भाजीचा एक वाडगा वाढायच्या आधीच बाजूला काढून ठेवावा. याला काही खर्च नाही.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, कुणाला बद्धकोष्ठ होतं. घाबरून बंद करू नका. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. रक्त वाढल्यावरही शरीरातला साठा भरून यायला काही महिने जातात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर घ्या. आणि मी दुकानदार असूनही सांगते, या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे पडत नाहीत. तिशी ओलांडलेल्या बाईने तिथे बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. बाळांच्या लशींचंही तेच. रोटाव्हायरस आणि न्यूमोनियाच्या ज्या लशींना खासगीत हजारो रुपये मोजावे लागतात, त्या सरकारी लसीकरणात विनामूल्य आहेत.

तरीही बायका जात नाहीत. दुखणं अंगावर काढतात आणि पुढे ते बळावलं, की एका रात्रीत वर्षभराची शिल्लक दवाखान्यात भरतात. कारण विचारलं तर पैशाचं सांगतात, पण तपासणी फुकट असली तरी त्या जात नाहीत. खरी अडचण असते सकाळच्या वेळेची. सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग बहुतेक सकाळचाच असतो आणि नेमकी तीच वेळ डब्यांची, दप्तरांची, नळाला पाणी येण्याची. तेव्हा ऐकणाऱ्या बाबा मंडळींना शेवटचं सांगणं आहे. येत्या आठवड्यात एका सकाळी डबे तुम्ही भरा, मुलांना शाळेत तुम्ही सोडा आणि त्यांच्या आईला साडेआठलाच घराबाहेर पडू द्या. केस पेपरची खिडकी दुपारी बंद होते.