अवटू ग्रंथी आणि स्नायूंचे बळ
(आरोग्यविषयक व्याख्यान)



रात्री लग्नाच्या पंगतीत गोडधोड जेवून झोपलेला तिशीतील धडधाकट तरुण पहाटे जागा होतो आणि त्याला अंथरुणातून उठताच येत नाही. तो पूर्ण शुद्धीवर असतो, स्पर्श कळतो. परंतु मांड्या व खांदे मन मानेल तसे हलत नाहीत. घरात आकांत होतो. कोणी पक्षाघात म्हणते, कोणी बाहेरची बाधा. काही तासांत ताकद परत येते आणि सारे तो प्रसंग विसरतात. खरा धोका या विसरण्यात आहे.

अशा झटक्यांचे मूळ कित्येकदा मानेतील अवटू, म्हणजे थायरॉइड ग्रंथीत असते. तिचा स्राव वाढला की स्नायूपेशींवरील सोडियम-पोटॅशियमचे पंप अतिवेगाने चालू लागतात. गोड व पिष्टमय आहारानंतर वाढणारे इन्सुलिन त्यांना आणखी जोर देते. रक्तातील पोटॅशियम पेशींत ओढले जाते, लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल ही त्याची पातळी घसरते आणि स्नायू निकामी होतात. भारी श्रमानंतरच्या विश्रांतीतही असेच घडते. शरीरातील पोटॅशियम संपलेले नसते, केवळ त्याने जागा बदललेली असते. म्हणूनच ते देताना हात राखून द्यावे लागते. झटका ओसरताना ते पेशींतून परत येते व रक्तातील पातळी घातक वाढू शकते.

थायरॉइड हा स्त्रियांचा आजार, असा समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. हा पक्षाघात मात्र प्रामुख्याने २० ते ४० वयाच्या, आशियाई वंशाच्या पुरुषांत आढळतो. २०१० साली काही रुग्णांत स्नायूंतील पोटॅशियम-मार्गाच्या एका जनुकात दोष सापडला. तो सर्वांत नसतो. हाताचा कंप, धडधड, घटते वजन ही लक्षणे पुष्कळदा इतकी सौम्य असतात की घरच्यांच्या ध्यानातही येत नाहीत.

याच ग्रंथीमुळे येणारी दुसरी दुर्बलता संथ असते. मांडी घालून बसलेल्यास हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही, जिना चढवत नाही. ती वयाच्या खाती मांडली जाते.

हातपाय अचानक लुळे पडल्यास, कारण कोणतेही असो, रुग्णालय तत्काळ गाठावे. तेथे पोटॅशियम व हृदयालेख पाहतात. थायरॉइडचीही तपासणी मागून घ्यावी. मूळ आजार आटोक्यात येईपर्यंत मेजवान्या व अतिश्रम टाळावेत. डॉक्टर बहुधा प्रोप्रॅनोलॉलही देतात. स्राव पूर्ववत झाला की हे झटके थांबतात.