खिडकी गळते, तेव्हा दोष कोणाचा?
(कॅरेज शाखांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आपण वेतन, पेन्शन, बदल्या आणि रिक्त जागा यांवर बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. आज मात्र मी रबराच्या पट्टीवर बोलणार आहे. काहींना हसू येईल. पण पावसाळा लागला, डब्याची खिडकी गळली आणि प्रवाशाची तक्रार आली की पहिला मेमो कोणाच्या हातात पडतो? पट्टी बसवणाऱ्या फिटरच्या. ती पट्टी कोणी मागवली, कोणत्या मापाची मागवली आणि आली तेव्हा कोणी तपासली, हे कोणी विचारत नाही. ते आपण विचारायचे असेल तर आपल्याला त्या वस्तूची माहिती पाहिजे.

आपले टपाल खात्यातले बांधवही येथे आहेत. ज्यांनी आर.एम.एस.च्या डब्यात थैल्या सांभाळत रात्री काढल्या, त्यांना गळक्या डब्याचा अर्थ मी सांगायला नको. थैली भिजली तरी जबाब त्यांनाच द्यावा लागे.

एका कारखान्यातले उदाहरण सांगतो. पी.ओ.एच. होऊन गेलेल्या डब्यांच्या खिडक्या पहिल्याच पावसात गळू लागल्या. तीन फिटरना ‘कामात निष्काळजीपणा’ म्हणून मेमो मिळाले. शाखेने उत्तर लिहिण्याआधी स्टोअरमधल्या शिल्लक पट्टीचा तुकडा मागून घेतला. काचेवर टेकणारा रबराचा ओठ ड्रॉइंगपेक्षा बारीक होता. कडकपणा ६० हवा होता, तो ७५ च्या आसपास भरला. मालावर तयार झाल्याची तारीख नव्हती. माल घेताना फक्त मीटर मोजले गेले होते. हे सर्व कागदावर मांडल्यावर मेमो मागे घेतले गेले. मुद्दा असा की ही तपासणी आधीच झाली असती, तर डबेही गळले नसते आणि तीन माणसांची झोपही उडाली नसती.

आता ही पट्टी कशी बनते ते पाहू. कच्च्या रबराचे मिश्रण यंत्रातून दाबून पोलादी साच्याच्या भोकातून बाहेर काढतात, शेव पाडतो तसे. मग उष्णता देऊन ते पक्के करतात. गंधक आणि उष्णतेने रबर पक्के होते हा शोध चार्ल्स गुडइयरने १८३९ साली लावला; सगळा धंदा त्यावरच उभा आहे. साच्यातून बाहेर पडताना रबर फुगते आणि पक्के होताना पुन्हा माप बदलते. म्हणून साच्याचे भोक पट्टीच्या आकाराचे नसते. कारागीर ते घासून, चाचणी काढून, पुन्हा घासून जमवतो. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, नवीन आकाराची पट्टी पहिल्या झटक्यात बरोबर येत नाही. नमुना पाहिल्याशिवाय सगळा माल काढायला सांगणे म्हणजे पैसे पाण्यात. दोन, रबर हे लेथवर कातलेले लोखंड नव्हे. त्यात थोडा फरक राहणारच. किती राहावा हे आय.एस.ओ. ३३०२ या मानकात दिले आहे. १० ते १६ मिलिमीटरच्या मापाला ई-१ वर्गात अधिक-उणे ०.५, ई-२ मध्ये ०.८ आणि ई-३ मध्ये १.३ मिलिमीटर. मागणीत वर्ग लिहिला नाही, तर पुरवठादार सगळ्यात ढिला वर्ग धरतो आणि आपण भांडू शकत नाही.

ज्या पट्टीला आर.डी.एस.ओ.चे किंवा उत्पादन कारखान्याचे मंजूर ड्रॉइंग आहे, तिच्यात आपण हात घालायचा नाही. ड्रॉइंग नंबर आणि त्याची शेवटची दुरुस्ती तपासून तीच मागवायची. डब्यात आगीचा प्रश्न असतो. बाजारातले दिसायला तसेच रबर लावले आणि पेटले, तर माणसे मरतात. पण दुरुस्ती केलेल्या जुन्या डब्यांना, शॉपमधल्या दारांना, पॅनेलच्या पेट्यांना वेगळ्या आकाराची पट्टी करून घ्यावी लागते. तेथे मागणी कशी लिहावी ते सांगतो.

पहिले, फट मोजा. एका खिडकीची मोजून चालत नाही. दहा खिडक्यांची मोजा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त, दोन्ही आकडे लिहा. पत्रा गंजलेला, ठोकलेला, वेल्डिंग केलेला असतो; ही गोष्ट ऑफिसातल्या ड्रॉइंगला ठाऊक नसते, फिटरला असते. काचेची आणि पत्र्याची जाडीही लिहा.

दुसरे, आकाराचे चित्र पूर्ण मापात काढा आणि कोणते माप महत्त्वाचे आहे त्यावर खूण करा. सगळीच मापे महत्त्वाची म्हटली तर कोणतेच महत्त्वाचे राहत नाही.

तिसरे, रबराची जात. उन्हापावसात टिकायला ई.पी.डी.एम. चांगले, पण त्याला खनिज तेल, डिझेल, ग्रीस चालत नाही, ते फुगते. तेलाच्या जागी नायट्राइल, पण ते उघड्यावर उन्हाने तडकते. निओप्रीन दोन्हीच्या मधले, शिवाय सहजासहजी पेट घेत नाही. सिलिकॉन उष्णतेला उत्तम, पण महाग आणि लवकर फाटणारे. नुसते ‘काळे रबर, चांगल्या प्रतीचे’ असे लिहिले तर काहीही येईल.

चौथे, कडकपणा. तो शोअर-ए मापात लिहितात, उदाहरणार्थ ६० अधिक-उणे ५. मोजताना तुकडा सपाट आणि किमान ६ मिलिमीटर जाड हवा, नाहीतर खालच्या टेबलाचाच कडकपणा मोजला जातो.

पाचवे, दबून राहण्याचा दोष. १० मिलिमीटरची गुंडी ७.५ पर्यंत दाबून ठरलेल्या उष्णतेत ठरलेला वेळ ठेवतात. सोडल्यावर ती ९.५ वर आली तर २.५ पैकी ०.५ गेले, म्हणजे २० टक्के. ८.५ वरच राहिली तर ६० टक्के. अशी पट्टी पहिल्या महिन्यात घट्ट बसते आणि पुढच्या पावसात गळते. ही चाचणी आय.एस. ३४०० मध्ये आहे. तिचा दाखला मालाबरोबर मागा.

सहावे, साचा कोणाच्या मालकीचा आणि कोणाकडे राहील, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. साच्याचे पैसे आपण भरायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा नवा साचा म्हणून बिल यायचे, असे होऊ देऊ नका.

आता आपल्या बाजूचे काम. हक्क मागताना हातही स्वच्छ पाहिजेत. पट्टी खिळ्याला टांगू नका, उन्हात टाकू नका, विजेच्या मोटारीजवळ ठेवू नका. ठिणगीतून होणारा ओझोन वायू रबराला तडे पाडतो. कापताना परिघापेक्षा मीटरला एक सेंटीमीटर जास्त ठेवा आणि बसवताना दाबून बसवा. ताणून बसवलेली पट्टी आठवड्याभरात मागे सरकते आणि कोपऱ्यात फट पडते. सांधा कोपऱ्यात घेऊ नका, वरच्या बाजूला मध्ये घ्या. सरकायला साबणाचे पाणी वापरा, ग्रीस किंवा रॉकेल नको.

आणि सोल्यूशनबद्दल. काही चिकट द्रावणांत टोल्यूइन, हेक्झेन असते. हेक्झेनची वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर हातापायांच्या नसा मरतात. वाफ पेटतेही. बंद डब्यात, दारे-खिडक्या लावून हे काम कोणालाही करायला लावू नये. हातमोजे, खेळती हवा आणि डब्यावर मजकूर असलेले द्रावण ही मेहरबानी नाही. ठेकेदाराच्या माणसालाही ते मिळाले पाहिजे; त्याची फुप्फुसे वेगळ्या रबराची नाहीत.

साथींनो, म्हणून पी.एन.एम.च्या बैठकीत मांडण्यासाठी मी चार मागण्या सुचवतो. पहिली, नवीन पट्टीचा नमुना मंजूर करताना ती बसवणाऱ्या फिटरचा लेखी शेरा घेतला जावा. दुसरी, प्रत्येक शॉपमध्ये कडकपणा मोजायचे यंत्र असावे. ते महाग नाही आणि खिशात मावते. तिसरी, तयार झाल्याची तारीख आणि बॅच नंबर नसलेला माल स्टोअरने घेऊ नये. चौथी, गळतीबद्दल कोणालाही मेमो देण्यापूर्वी त्या बॅचचा तुकडा तपासला जावा आणि त्या वेळी युनियनचा प्रतिनिधी हजर असावा.

यात एकही मागणी पैशाची नाही. तरी त्या मान्य करून घ्यायला जोर लावावा लागेल. कामगाराचा शेरा कागदावर आला की जबाबदारीचा काही भाग वर सरकतो, आणि वरच्यांना ते रुचत नाही. आपण मात्र ठाम राहायचे. उद्या आपल्या शॉपमध्ये गेल्यावर पहिले काम एवढेच करा: स्टोअरमध्ये जा, पट्टीचे वेटोळे उचला आणि त्यावर तारीख आहे का ते बघा. नसेल तर शाखेला लिहून कळवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!