गाणारें व्हायोलिन आणि ऐकणारे आपण

व्हायोलिनची मैफल आटोपून लोक बाहेर पडूं लागले म्हणजे एक वाक्य हटकून कानावर येतें : "काय वाजविलें! अगदीं गायल्यासारखें!" श्रीमती एन. राजम यांच्या वादनानंतर तर हें वाक्य मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तो आतां स्तुतीचा एक परिपाठच होऊन बसला आहे. मींहि तें पुष्कळदां उच्चारलें आहे. परंतु असें म्हणतांना आपणांस नेमकें काय म्हणावयाचें असतें, याचा विचार एका मैफलीनें मला करावयास लावला. तोच आज आपल्यापुढें मांडणार आहें.

हें वाद्य मूळचें युरोपांतलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास बालुस्वामी दीक्षितर यांनीं मद्रासेकडे एका युरोपीय वादकापासून तें शिकून घेतलें, आणि पुढें कर्नाटक गायनाच्या साथीला त्यानें असें ठाण मांडलें कीं, त्यावांचून तिकडील मैफल आज सुनी वाटते. आपल्या लोकांनीं वाद्याचा देह तसाच ठेवला, परंतु त्याचें बसणें बदललें. पाश्चात्य वादक तें हनुवटीखालीं धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचें एक टोंक छातीशीं टेकवितो आणि दुसरें पायाच्या घोट्यावर ठेवतो. त्यामुळें डाव्या हाताला वाद्य सांवरण्याची काळजी उरत नाहीं. तो तारेवर वरपासून खालपर्यंत निर्वेधपणें फिरतो. शिवाय या वाद्याला पडदे नाहींत. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जातांना मधली वाट न सोडतां जातां येतें. पेटीला हेंच साधत नाहीं. ती सुरांवरून उड्या मारते. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीला दार बंद केलें आणि तें सुमारें तीस वर्षें बंद राहिलें, त्यामागें मींडेचा हा अभाव हें एक मोठें कारण होतें.

राजम यांचा जन्म १९३८ मधला, आणि घर कर्नाटक संगीताचें. वडील ए. नारायण अय्यर हेच त्यांचे पहिले गुरु. विख्यात वादक टी. एन. कृष्णन हे त्यांचे वडील बंधु. पुढें त्या पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे उत्तर हिंदुस्थानी गायकी शिकल्या, आणि काशी हिंदु विश्वविद्यालयांत त्यांनीं दीर्घकाल अध्यापन केलें. यांतली एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ओंकारनाथ गवई होते. म्हणजे गुरूनें कंठानें सांगावयाचें आणि शिष्येनें तें गजावर उतरवून घ्यावयाचें. गुरूच्या बोटांकडे पाहून उचलण्यासारखें तेथें कांहींच नव्हतें. जें होतें तें सारें कानांतून यावयाचें.

गज गातो म्हणजे काय करतो? आपण चिजेचा एखादा शब्द म्हणतों तेव्हां अक्षराच्या आरंभीं एक ठोसर स्पर्श असतो आणि मग स्वर लांबतो. गज तारेवर टेकतो तो क्षण या स्पर्शाचा. गज चालूं लागला कीं स्वर सुरू होतो. एका अक्षरावर पांच सूर असतील तर ते पांचहि एकाच गजांत बांधून घ्यावयाचे, आणि नवें अक्षर आलें म्हणजेच गज परतवावयाचा. ज्याला चीज पाठ नाहीं, त्याला हें वाजवितां यावयाचें नाहीं.

आतां त्या मैफलीकडे वळतों. राग मालकंस होता. मध्यंतरांत चहाच्या टेबलाशीं आम्हीं चौघेपांचजण जमलों, आणि जो तो आपलें ऐकलेलें सांगूं लागला.

एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणीं त्यांनीं ओंकारनाथांना समोर बसून ऐकलेलें. मालकंसांतलें मीरेचें पद ओंकारनाथ गात असत, तें ज्यांनीं एकदां ऐकलें ते विसरत नाहींत. वृद्ध म्हणाले, "मला आज बुवाच दिसले. डोळे मिटले कीं बुवा, आणि उघडले कीं ही बाई!" त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकणारी एक मुलगी उभी होती. तिनें गळा ऐकलाच नव्हता. ती सारा वेळ उजवा हात पाहत होती. "गज कोठें परततो तें दिसतें, पण ऐकूं येत नाहीं," एवढेंच ती पुन्हां पुन्हां म्हणत होती. तिसऱ्या आमच्या शेजारच्या काकू. त्यांना रागाचें नांवहि ठाऊक नव्हतें. केवळ सोबत म्हणून आलेल्या. त्या संकोचानें म्हणाल्या, "मला कांहीं कळत नाहीं हो. पण घरांतलें कोणी आंतल्या खोलींतून हांक मारीत आहे, असें सारखें वाटत होतें."

चौथी श्रोती कांहींच बोलली नाहीं. ती माझी थोरली बहीण, अक्का.

अक्का लहानपणापासून गाणें शिकली. मैफली तिनें केल्या नाहींत. परंतु आमच्या घरांतली पहांट तिच्या तंबोऱ्यानें उजाडे. सात वर्षांपूर्वीं तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. जीव वांचला, आवाज गेला. आतां ती कुजबुजल्यासारखें बोलते. त्यानंतर ती गाण्याला म्हणून कोठें आली नाहीं. मीं आग्रह केला कीं ती म्हणे, "दुसऱ्याचें ताट बघत बसायचें, तें कशाला?" या खेपेस व्हायोलिन आहे, गाणें नव्हे, असें सांगून मीं तिला आणलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर राजम यांचें व्हायोलिन गातें ही गोष्ट मीं तिच्यापासून लपविली होती.

उत्तरार्धांत माझें लक्ष वादनाकडे थोडें आणि अक्काकडे अधिक होतें. चिजेचा मुखडा आला आणि तिचे ओंठ हललेले मीं पाहिले. आवाज अर्थातच नव्हता. परंतु प्रत्येक आवर्तनास ती मुखडा घेई, समेवर मान लववी, आणि अंतऱ्याला तिचा हात मांडीवरून उचलला जाई. मला भय वाटूं लागलें, कीं आपण हिला दुखविलें.

घरीं परततांना मीं तिची क्षमा मागितली. ती माझ्या कानाशीं येऊन म्हणाली, "अरे, वेडा आहेस. गवयाच्या मैफलींत शब्द त्याचे असतात. मला नुसतें ऐकावें लागतें. आज शब्द कोणी म्हटलेच नाहींत. ते मीं म्हटले."

श्रोतेहो, "अगदीं गायल्यासारखें" या वाक्याचा अर्थ मला त्या रात्रीं उमगला. केवळ कंठाची हुबेहूब नक्कल एवढेंच या वादनाचें यश असतें, तर आपण सरळ कंठच ऐकला असता. गायकी-अंगाचें व्हायोलिन गाण्यांतलें सर्व कांहीं देतें : श्वास, ठहराव, मींड, अक्षराचा स्पर्श, आणि शब्द तेवढा आपल्यासाठीं राखून ठेवतें. त्या मोकळ्या जागेंत वृद्धांना गुरु दिसले, काकूंना हांक ऐकूं आली, आणि अक्काला तिचें गाणें परत मिळालें.

प्रत्येक व्हायोलिननें गावेंच, असा माझा आग्रह नाहीं. वाईस जन्मलेले विष्णु गोविंद जोग यांनीं लयीशीं केलेला खेळ आणि बिस्मिल्लाखांच्या सनईशीं केलेली जुगलबंदी यांचा आनंद निराळा, आणि तोहि तितकाच अस्सल. परंतु ज्यांच्या घरीं कोणाचें गाणें कांहीं कारणानें थांबलें असेल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे, कीं त्या माणसाला एकदां असें व्हायोलिन ऐकवा आणि तें चाललें असतां त्याच्याशीं बोलूं नका.

अक्कानें गेल्या महिन्यांत तंबोऱ्याला नव्या तारा चढविल्या. ती गात नाहीं. नुसती छेडीत बसते. आमची पहांट मात्र पुन्हां पूर्वींसारखी उजाडूं लागली आहे.